'कोण पाहिजे?' एवढंच विचारायचं

'घर बंद असल्याची संधी साधून अज्ञात चोरट्यांनी कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला व कपाटातील रोख रकमेसह सोन्याचे दागिने लंपास केले.' या धर्तीची बातमी तुम्ही किती वेळा वाचली असेल? कुठल्याही जिल्ह्याच्या पानावर ती असतेच. आपण वाचतो, 'बाई गं!' म्हणतो, नकळत गळ्यातल्या मंगळसूत्राला एकदा हात लावून बघतो आणि पान उलटतो.

मला त्या बातमीतला एकच शब्द अडतो. 'अज्ञात'. चोर अज्ञात असणारच, नाव-गाव सांगून कोण चोरी करतं? पण घर बंद आहे हे त्या अज्ञात माणसाला कळतं आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आपल्याला कळत नाही, याचं काय करायचं? मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे की आपल्या वस्तीची राखण कुलूप, ग्रील आणि कॅमेरा यांच्याआधी ओळख करते. ओळख असेल तर कुलपाचा उपयोग. ओळख नसेल तर कुलूप हे फक्त 'आत कुणी नाही' असं सांगणारी पाटी.

आमचं तालुक्याचं गाव. जुन्या गावात आळ्या, बोळ, एकमेकांत घुसलेली घरं. तिथे अनोळखी माणूस शिरला की ओट्यावर बसलेली कुणीतरी आजी विचारायची, 'कोण पाहिजे?' दोनच शब्द. त्यात राग नाही, आरोप नाही. ज्याला खरंच कुणाकडे जायचं असायचं त्याला घर दाखवायला ती मुलगा बरोबर द्यायची. ज्याला कुणीच नको असायचं, तो 'काही नाही, काही नाही' करत आल्या पावली परत जायचा.

मग गावाबाहेर प्लॉट पडले. शेतं एनए झाली, कॉलन्या उभ्या राहिल्या. बदलीवर आलेले बँकवाले, शिक्षक, पोस्टातले, नर्सताई, खेड्यावरून मुलांच्या शाळेसाठी आलेली कुटुंबं. बंगले छान झाले, कंपाउंडच्या भिंती उंच झाल्या, गेटवर 'कुत्र्यापासून सावधान' आलं (कुत्रा असो नसो!). फक्त ओटा गेला. आणि ओट्याबरोबर तो प्रश्नही गेला.

आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात तिथे भरदुपारी घरफोडी झाली. नवरा-बायको दोघंही शिक्षक, सकाळी गेलेली ती संध्याकाळी पाचला परतली, तर दार उघडं आणि कपाटातल्या साड्या पलंगभर. लेकीच्या लग्नासाठी थोडंथोडं करून जमवलेलं सोनं गेलं. बाई रडत नव्हत्या, नुसत्या त्या रिकाम्या डब्या एकात एक घालत बसल्या होत्या.

पोलीस आले. 'कुणाला काही दिसलं का?' असं विचारलं, तेव्हा जे बाहेर आलं ते चोरीपेक्षाही जास्त लागलं मला. दिसलं होतं, तिघांना दिसलं होतं! समोरच्या आजी गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांनी मोटारसायकलवरून दोघांना उतरताना पाहिलं, खांद्याला पिशवी होती, म्हणून वाटलं नळ दुरुस्तीवाले असतील. शेजारच्या माडीवर भाड्याने राहणारी नर्स रात्रपाळी करून झोपली होती. तिला ठोकाठोकी ऐकू आली. तिला वाटलं पंखा बसवताहेत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दोघांना जाताना पाहिलं, त्याला वाटलं पाहुणे असतील. तिघांपैकी कुणीही विचारलं नाही, 'कोण पाहिजे?' आणि विचारावंसं वाटलं असतं तरी बाईंना फोन कुणी केला असता? त्यांचा नंबरच कुणाकडे नव्हता. आठ वर्षं समोरासमोर राहून!

यात आजींना दोष देण्यासारखं काही नाही. 'आपल्याला काय करायचंय' ही शिकवण आपल्याला हल्ली चांगुलपणा म्हणून मिळालीय. दुसऱ्याच्या गेटमध्ये डोकावू नये, विचारलं तर 'भोचक' म्हणतील, ही भीती. चोराला हीच भीती फार उपयोगाची असते.

चोर घर निवडतो कसं, हे जरा बघा. त्याला आधी दारावरचं मोठं कुलूप दिसतं. मग दुपारी बारापर्यंत फाटकात पडलेली दुधाची पिशवी, दोन दिवसांची न उचललेली वर्तमानपत्रं, दिवसाढवळ्या जळणारा बाहेरचा दिवा, दोरीवर तसेच राहिलेले कपडे. आणि आपल्याकडची खास खूण म्हणजे दारासमोरची रांगोळी. रोज ज्या उंबऱ्यापुढे रांगोळी असते तिथे तीन दिवस ती नसली की घर बोलायला लागतं. आता तर आपणच सांगतो, मोबाइलच्या स्टेटसवर. 'निघालो आम्ही गोव्याला!' सोबत चौघांचा फोटो. म्हणजे घरात कुणीही मागे राहिलेलं नाही, याचा पुरावासुद्धा! फोटो टाकायचेच तर परत आल्यावर टाका ना. समुद्र तोच राहणार आहे.

दुसरी गोष्ट कडीकोयंड्याची. आपण दीड-दोन हजारांचं कुलूप आणतो आणि ते चार छोट्या स्क्रूंनी बसवलेल्या कोयंड्यात अडकवतो. चोर कुलपाला हातसुद्धा लावत नाही, पहार घालून कोयंडाच उपटतो. तेव्हा सुताराला बोलावून कोयंड्याला आरपार बोल्ट आणि आतून पट्टी लावून घ्या. दाराच्या आत बसणारं कुलूप असेल तर बाहेरून घर बंद आहे की उघडं, हेच कळत नाही. मागच्या दाराकडे तर कुणी बघतच नाही. पुढे सागवानी दार आणि मागे न्हाणीघराकडचं पत्र्याचं, असं अनेक घरांत असतं.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण कॅमेरा बघतो, तो ओरडत नाही. चोरी झाल्यावर कोण आलं होतं ते सांगतो, तेही त्याचं तोंड रस्त्याकडे असेल, तारीख-वेळ बरोबर असेल आणि चोराने त्याची रेकॉर्डिंगची पेटीच उचलून नेली नसेल तर. ती पेटी टीव्हीशेजारी शोभेला ठेवू नका.

दागिन्यांचंही तसंच. साडीच्या घडीत, तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्याखाली या आपल्या जागा चोराच्या आईलाही माहीत असतात. लॉकर घ्या. मात्र लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार बँकेत चोरी-दरोडा झाला, आग लागली किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याने फसवणूक केली, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच असते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. म्हणून घरच्या प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, वजन लिहा, सराफाची पावती जपा. चोर सापडला तर 'हे माझंच' असं सांगायला तुमच्या हातात काहीतरी हवं.

आता आमच्या गल्लीने त्या चोरीनंतर काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. पुढच्या रविवारी संध्याकाळी आम्ही बायका एका अंगणात सतरंजी टाकून बसलो. बावीस घरांचे फोन नंबर एका कागदावर लिहिले, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकीने आपल्या फ्रिजवर चिकटवल्या. मोबाइलचा ग्रुप नंतर केला, आधी कागद केला, कारण आजींना ग्रुप उघडता येत नाही. मग एक ठरलं. गावाला जाताना दोन घरांना सांगून जायचं. त्या दोघींनी दूध बंद करायचं, वर्तमानपत्र उचलायचं, संध्याकाळी दिवा लावायचा. आमच्यातली एक तर त्या घरापुढे चार बोटं रांगोळीही ओढते! रात्री-अपरात्री काही झालं तर ताट वाजवायचं. ताट ऐकू आलं की प्रत्येक घराने आधी बाहेरचा दिवा लावायचा आणि ११२ नंबरला फोन करायचा. पण दार उघडून एकटीने बाहेर धावायचं नाही. चोराला पकडणं हे आपलं काम नाही, त्याला एकटं पडू न देणं एवढंच आपलं.

त्या कागदात आम्ही भाडेकरूंनाही घेतलं. माडीवरची नर्स, दोन खोल्यांत राहणारी परीक्षेची तयारी करणारी मुलं, इस्त्रीवाला, आणि घरोघर भांडी घासणाऱ्या मावशीही. यावर वाद झाला. 'कामवालीला कशाला, तिच्याकडूनच बातमी फुटते', असं एक-दोघी म्हणाल्या. मला हे अजिबात पटत नाही. घरात काही हरवलं की पहिला संशय मावशींवर, आणि राखण करायची वेळ आली की त्या परक्या, हा कुठला न्याय? दिवसातून सहा घरांत जाणाऱ्या मावशींएवढं गल्लीचं ज्ञान आपल्यापैकी कुणाला आहे? नव्या माणसाची ओळखपत्राची प्रत घ्या, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, हे करायलाच हवं. पण कागद झाल्यावर माणूसही ओळखा.

या ओळखीचा उपयोग दुपारी दार वाजवून येणाऱ्या ठगांच्या बाबतीत फार होतो. दोघं जण येतात, एखाद्या कंपनीची पावडर दाखवतात. आधी तांब्याचा देव घासून लखलखीत करून देतात. मग चांदीचे पैंजण. मग 'आजी, बांगड्या काळवंडल्यात, द्या इकडे'. बांगड्या हळदीच्या पाण्यात घालतात, कुकरमध्ये ठेवतात, 'अर्ध्या तासाने उघडा' म्हणतात. अर्ध्या तासाने कुकरमध्ये नुसतं पिवळं पाणी! दुसरा प्रकार तोतया पोलिसांचा. सकाळी फिरायला निघालेल्या आजी-आजोबांना थांबवायचं, 'पुढे लूटमार झालीय, साहेबांची तपासणी चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा' म्हणायचं, आणि गाठ मारून देताना पुडी बदलायची. घरी येऊन सोडावं तर आत खडे.

पक्कं ध्यानात ठेवा, कुठलाही खरा पोलीस रस्त्यात तुम्हाला दागिने काढून रुमालात बांधायला सांगत नाही. आणि हाच तोतया पोलीस आता फोनवरून येतो. 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.' डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. फोन ठेवून द्यायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच, त्याच तासात १९३० नंबरवर कळवायचं. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पसरत जातात.

या सगळ्या ठगांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे एकटी बाई. 'थांबा हं, शेजारच्या ताईंना बोलावते, त्यांनाही पॉलिश करायचंय', एवढं म्हटलं तरी पावडरवाला पिशवी आवरतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या समोरच्या आजींनी अगदी हेच केलं. कागदावरून नंबर लावला, आम्ही तिघी पोचेपर्यंत मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली होती. आजींच्या पाटल्या हातात होत्या आणि चेहऱ्यावर जे तेज होतं ते कुठल्याही पावडरने आलं नसतं.

आता पोलिसांकडे जाण्याविषयी. 'आपण का करायचं हे सगळं, पोलीस कशाला आहेत?' असं मला विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण आपण पोलिसांना सांगतो तरी किती? सिलिंडर गेला, सायकल गेली, पाण्याची मोटर गेली की 'जाऊ दे, कोण खेटे घालणार' म्हणून गप्प बसतो. मग पोलिसांच्या वहीत आपली वसाहत अगदी शांत दिसते, आणि शांत वसाहतीत गस्त कशाला वाढवतील?

म्हणून तक्रार द्यायचीच, आणि चार बायकांनी मिळून जायचं. दखलपात्र गुन्हा असेल तर गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. त्यांत दोन-तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं सांगून आता परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवायचं असतं. गळ्यातली साखळी हिसकावणं हा आता भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा तर बाईला ठाण्यात बोलावून बसवता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. हे माहीत नसल्यामुळेच कितीतरी जणी 'मी पाहिलं' म्हणायला घाबरतात. आणि चोरीचा माल सापडला तर तो वर्षानुवर्षं ठाण्यात पडून राहू नये, फोटो-पंचनामा करून मालकाला लवकर परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलंय. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. इथे तुमचे ते फोटो आणि पावत्या कामाला येतात.

इथवर बहुतेकींना पटेल. पुढचं जरा कडू आहे.

जागरूकता आणि संशय यांत फरक असतो. चोरी झाल्यानंतरच्या आठवड्यात आमच्याही ग्रुपवर एक फोटो फिरला. डोक्यावर चादरींचं गाठोडं घेतलेल्या दोन बायका. खाली मजकूर, 'या मुलं पळवतात, दिसल्या की धरा.' दहा मिनिटांत तो चार ग्रुपांवर गेला. एका समजूतदार मुलीने तेवढ्यात पोलीस ठाण्यात फोन करून विचारलं. असं काहीही नव्हतं. दुपारी त्या बायका खरंच गल्लीत आल्या, चादरीच विकायला. एकीच्या कडेवर तिचं स्वतःचं मूल होतं. विचारलं, 'कोण पाहिजे? कुठल्या तुम्ही?' त्यांनी सांगितलं. पाणी पिऊन गेल्या. न विचारता कुणी हात उचलला असता तर?

तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले होते. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा आधीच पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. पुढे एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान असेच चोर समजून मारले गेले. या माणसांना आपली ओळख सांगायला वेळच मिळाला नाही. पोलिसांनी नीट चौकशी करेपर्यंत धीर धरला असता, तर सगळे जिवंत घरी गेले असते.

आपल्याकडे चोरी झाली की बोट आधी गावाबाहेरच्या पालांकडे जातं. पारधी, वैदू, डवरी. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कितीतरी जमातींना जन्मतःच चोर ठरवलं. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, आपल्या तोंडातून तो अजून जात नाही. ज्याच्या अंगावर मळके कपडे तो चोर, आणि इस्त्रीचा शर्ट घालून पावडर विकायला आलेला सज्जन, असा आपला हिशोब असेल तर ठगाला फारसं कष्टच पडायचे नाहीत. म्हणून नियम सोपा ठेवू या. कुणीही असो, विचारायचं. गाडीचा नंबर लिहून घ्यायचा. शंका वाटली तर ११२. हात उचलायचा नाही, फोटो फिरवायचा नाही.

ओळखीने काय होतं याचं मोठं उदाहरण भिवंडीचं आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं ते गाव. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. गल्लीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि त्या भागाचा पोलीस, यांनी नियमित एकत्र बसायचं. गटार, पाणी, भांडणं, सगळं बोलायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. जे दंगलीच्या बाबतीत खरं, ते चोरीच्या बाबतीत खोटं कसं असेल? आपल्या भागाच्या बीट हवालदाराचं नाव आणि नंबर आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? आमच्या फ्रिजवरच्या कागदावर आता तेविसावा नंबर त्यांचा आहे.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. सुरक्षित वस्ती म्हणजे नुसती चोर न येणारी वस्ती का? भिंतीपलीकडून बाईचं किंचाळणं ऐकू येतं, भांडं आपटल्याचा आवाज येतो, सकाळी ती काळे-निळे डाग पदराने झाकून दूध घ्यायला येते, आणि आपण 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो. याच गल्लीला कुणाची मुलगी किती वाजता आली, कुणाच्या गाडीवरून आली, हे मात्र मिनिटासकट माहीत असतं! ही राखण नव्हे, पाळत आहे. आपल्या नजरेचा उपयोग बाईला धाक दाखवायला करायचा की आधार द्यायला, हे आपणच ठरवायचं.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा सांगतो की अशा हिंसेची माहिती कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतं, आणि सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्या व्यक्तीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. पण तेही जमत नसेल तर २००८ मध्ये टीव्हीवर गाजलेली 'बेल बजाओ' मोहीम आठवा. आवाज ऐकू आला की नुसती जाऊन बेल वाजवायची. वाटीभर साखर मागा, विरजण मागा. आतल्या माणसाला कळतं की बाहेर कुणीतरी ऐकतंय. तोही एक प्रकारे 'कोण पाहिजे?' असाच प्रश्न आहे, फक्त तो घरातल्या गुन्हेगाराला विचारलेला. लहान मुलांच्या बाबतीत तर गप्प बसायची सोयच नाही. लैंगिक अत्याचार होतोय हे माहीत असून न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, म्हणून घराकडे बाहेरूनही लक्ष हवं.

राहिला प्रश्न अंधाराचा. एसटी स्टँडकडून कॉलनीकडे येणारा रस्ता, मधला वेड्या बाभळींनी भरलेला रिकामा प्लॉट, महिनोन्‌महिने बंद असलेला खांबावरचा दिवा. क्लासवरून येणाऱ्या मुलींची शिकवणी आपण या अंधारामुळे बंद करतो, दिवा लावून घेत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेविकेकडे जा. ती म्हणेल 'यांना विचारून सांगते', तर म्हणा, 'आम्ही मत तुम्हाला दिलंय, यांना नाही.' अर्ज लेखी द्या, खांबाचा नंबर लिहा, पोच घ्या. खेड्यात असाल तर महिला ग्रामसभेत मांडा. दिवा लागला की रस्त्यावर माणसं येतात, आणि माणसं आली की रस्ता आपोआप राखला जातो.

शेवटी एक सुचवावंसं वाटतं. आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू घरोघरी होतं. वाण म्हणून आपण प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या लुटतो. यंदा वाणात तो फोन नंबरांचा कागद द्या, सोबत पाच रुपयांची शिट्टी द्या. आणि आमंत्रणाची यादी जरा मोठी करा. भाडेकरणी, मेसवाल्या ताई, भांडी घासणाऱ्या मावशी, आणि हो, ज्यांचे नवरे वारलेत त्याही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला. आपल्या गल्लीला ठरावाचीही गरज नाही, एका आमंत्रणाची आहे. खरं सांगू? दिवसभर घरी असणारी, खिडकीत बसून प्रत्येक पाऊल ओळखणारी बाई बहुतेक गल्ल्यांत तीच असते, जिला आपण हळदीकुंकवाला बोलावत नाही. तिला तिळगूळ द्या, तिचा नंबर घ्या, तिला आपला द्या. आणि पुढच्या वेळी गल्लीत अनोळखी पाऊल वाजलं, की खिडकीतून तिचा आवाज येऊ द्या.